हसवणारी नदी आणि सोळावं प्रकरण

जेरोम के. जेरोमचं ‘थ्री मेन इन अ बोट’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? अननसाचा डबा. डबा आहे, पण तो उघडायचं हत्यार घरी राहिलंय, आणि तीन चांगली शहाणी माणसं त्याच्याशी झुंजतायत. किंवा हॅम्पटन कोर्टच्या भूलभुलैयात सगळ्यांना वाट दाखवायला निघालेला आणि स्वतःच हरवलेला हॅरिस. १८८९ साली आलेलं हे पुस्तक लोक अजून हसण्यासाठी वाचतात, आणि ते योग्यच आहे. पण आज मला बोलायचंय ते त्यातल्या सोळाव्या प्रकरणाबद्दल. या पुस्तकाची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही मला तिथे एकाच जागी दिसतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. लंडनजवळच्या किंग्स्टनहून तीन मित्र भाड्याची वल्ह्यांची होडी घेऊन थेम्स नदीतून ऑक्सफर्डकडे निघतात. बरोबर मॉन्टमोरेन्सी नावाचा कुत्रा. रात्री होडीवरच कापड ताणायचं आणि झोपायचं. हे तिघे काही सरदार-दरकदार नव्हेत. जॉर्ज बँकेत नोकरी करतो. स्वतः जेरोम पोरवयात रेल्वेत कारकून होता. रेल्वेमुळेच लंडनचा नोकरदार सुटीत नदीवर यायला लागला होता, आणि या पुस्तकात तोच पहिल्यांदा ऐटीत होडीत बसलेला दिसतो. त्याच्या बोलीची ‘पंच’ साप्ताहिकाने खिल्ली उडवली, ती उगाच नाही. कारकुनाने नदीवर यावं आणि वर पुस्तकही लिहावं, हे काहींना रुचलं नव्हतं.

आता पुस्तकावरची नेहमीची तक्रार घ्या. ते धड विनोदी नाही, धड गंभीर नाही. मध्येच इतिहास येतो, मध्येच चांदण्याचं वर्णन. जेरोमला मुळात थेम्सचा परिसर आणि इतिहास यांवरच पुस्तक लिहायचं होतं, आणि मासिकात छापताना संपादकाने त्यातला बराच इतिहास कापला, ही गोष्ट खरी. पण मला ही सरमिसळ दोष वाटत नाही. वल्ह्यांच्या होडीचा वेग लक्षात घ्या. रनीमीडचा काठ हळूहळू सरकतो, तेव्हा १२१५ सालचा जॉन राजा आणि त्याला मॅग्ना कार्टा मान्य करायला लावणारे सरदार आठवायला सवड असते. पुढच्या वळणावर चहाचं आधण ठेवायचं असतं. लॉक लागलं की दरवाजे बंद होऊन पाण्याची पातळी बदलेपर्यंत नुसतं बसायचं. होडीत माणसाचं मन असंच फिरतं, आणि पुस्तकाची बांधणी त्या मनासारखी आहे.

तर सोळावं प्रकरण. रेडिंगच्या लॉकपाशी ओळखीच्या लोकांची वाफेची लाँच भेटते आणि ती यांची होडी ओढत नेते. आता बघा गंमत. या लाँचवाल्यांना निवेदकाने आधी मनसोक्त शिव्या घातल्यात, त्यांच्या वाटेत मुद्दाम होडी आडवी घातलीय. आणि आता स्वतः फुकट ओढले जाताना त्याला राग कशाचा येतो? वाटेत येणाऱ्या क्षुद्र होड्यांचा! वरच्या पायरीवर पाय पडला की माणूस कसा बदलतो, हे जेरोम अर्ध्या पानात स्वतःवरच हसत दाखवतो.

आणि लगेच पुढे जॉर्जला पाण्यात काळं काहीतरी तरंगताना दिसतं. तो वाकून हात घालतो. बाईचं प्रेत असतं.

तिची हकिगत मग कळते. फसवली गेलेली, घरच्यांनी टाकलेली, पदरात मूल. रोज बारा तास राबून आठवड्याला बारा शिलिंग. त्यातले सहा मुलापायी जायचे, उरलेल्या सहांत हिने जगायचं. शेवटी ती तिकीट काढून गोरिंगला येते, आणि संध्याकाळी नदीत शिरते.

हे आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. त्यांत अश्रू नाहीत, हिशेब आहे. पण जेरोम तिथे थांबत नाही. पुढे भाषा जड होते, नदी तिला कुशीत घेते, तिचं दुःख शांतवते. लाँचवर स्वतःला न सोडणारा लेखक इथे सगळ्यांनाच सोडून देतो. बारा शिलिंग देणारा मालक, दार लावणारे नातेवाईक, सगळे सुटतात. आणि पुढच्याच परिच्छेदात काय? गोरिंग आणि स्ट्रीटली ही चार दिवस राहायला किती छान गावं आहेत!

कोणी म्हणेल, नदी कोणासाठी थांबत नाही, हेच त्याला दाखवायचंय. मला ते पटत नाही. तसं असतं तर पुढे कुठेतरी ती बाई निवेदकाला आठवली असती.

आणखी एक. ही सफर जेरोमच्या स्वतःच्या मधुचंद्रावर बेतलेली आहे. १८८८ मध्ये तो बायकोबरोबर थेम्सवर गेला होता. पुस्तकात बायकोच्या जागी मित्र आले. किश्श्यांत बायका आहेत, कपडे खराब होतील म्हणून अंग चोरणाऱ्या पोरी आहेत. पण प्रवासात ज्या बाईला हात लागतो, ती एकच.

शेवटी परतीच्या वाटेवर पावसाने बेजार झालेले तिघे पँगबोर्नला होडी सोडतात, रेल्वेने लंडन गाठतात आणि झकास जेवतात. आपण खूप हसतो. पण नकाशा काढून पाहा. पँगबोर्न आणि गोरिंग ही त्याच मार्गावरची लागून असलेली स्टेशनं आहेत. कंटाळा आला की तिकीट काढून घरी जाता येणं, ही त्या तिघांची खरी चैन होती. ती बाई त्याच मार्गाने आली होती, आणि तिला परतायला घर नव्हतं. जेरोमने या दोन्ही गोष्टी लिहिल्या, पण एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत. पुन्हा वाचाल तेव्हा ते काम आपण करू या. हसणं त्याने कमी होणार नाही, आपण कशाच्या जोरावर हसतोय ते मात्र कळेल.