तबकडी, सीडी आणि चार आणे

भाच्याने ‘मी डीजे होणार’ असं जेवताना जाहीर केलं तेव्हा ताईच्या हातातली पळी आमटीच्या पातेल्यावर तशीच राहिली. तिला वाटलं, हा ट्रक घेणार. यात तिची काही चूक नाही. बाकीच्या जगात डीजे हा माणूस असतो. महाराष्ट्रात तो ट्रकवर रचलेल्या भोंग्यांचा डोंगर असतो. आपण ‘डीजे लावला’ म्हणतो, ‘डीजे बोलावले’ म्हणत नाही. २०१८ साली विसर्जन मिरवणुकीत डीजेला परवानगी द्यायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, तोही या डोंगरालाच. भाच्याने आईची समजूत घातली, की ट्रक नाही, नुसती दोन यंत्रं आणि मध्ये एक मिक्सर. मिक्सर म्हटल्यावर ताईला धीर आला. मिक्सर घरात होता.

प्रश्न पैशाचा असल्यामुळे तो माझ्याकडे आला. बँकेत नोकरी करणाऱ्याकडे बँकेचे पैसे असतात, अशी आमच्या नातेवाइकांची पक्की समजूत आहे. भाचा म्हणाला, “मामा, एक तर रेकॉर्ड वाजवायची दोन टर्नटेबलं घेता येतील, नाहीतर सीडीची दोन सेकंडहँड यंत्रं. दोन्ही नाही परवडणार. तू बी.कॉम. आहेस, तू सांग.” पदवी मिळाल्यापासून ती इतक्या गांभीर्याने कोणी घेतली नव्हती. मी वहीचं पान घेतलं, मध्ये उभी रेघ मारली, डावीकडे ‘तबकडी’ लिहिलं आणि उजवीकडे ‘सीडी’.

जाणकारांनी इथे हसू नये. दोघांच्या भांडणात पेनड्राइव्हचा लाभ होऊन गेला, हे मलाही ठाऊक आहे. पायोनिअर कंपनीने १९९४ साली डीजेंसाठी सीडीजे-५०० हे यंत्र काढलं. २०२० साली आलेल्या त्याच घराण्यातल्या सीडीजे-३००० ला सीडी घालायची फटच नाही. नावात सीडी, पोटात नाही. पण ज्या शहरात फिनिक्स मिलमध्ये सूत निघत नाही आणि चर्नी रोडला गुरं चरत नाहीत, तिथे याचं कोणाला नवल? त्या नव्या यंत्राची किंमत ऐकून मी पाणी मागितलं. म्हणून प्रश्न जुन्या दोघांचाच राहिला.

आधी कामाचं स्वरूप समजून घेतलं. एक गाणं संपत आलं, की दुसरं त्याच्या ठेक्यात ठेका मिसळून असं सुरू करायचं, की नाचणाऱ्याचा पाय चुकता कामा नये. या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यांना मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके असतात. समजा, चालू गाणं १२८ चं आहे आणि पुढचं १२४ चं. तर पुढच्याचा वेग सव्वातीन टक्क्यांनी वाढवायला हवा. टक्के म्हटल्यावर माझं लक्ष लागलं. टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके२ हे १९७९ चं टर्नटेबल या धंद्यात देव्हाऱ्यातलं मानतात. त्याच्या कडेला एक सरकपट्टी असते, आठ टक्के वर, आठ टक्के खाली. ठेवींच्या व्याजालाही अशीच पट्टी असते, फक्त ती खाली सरकलेलीच ग्राहकाच्या लक्षात राहते.

यात एक गोम आहे. तबकडीचा वेग वाढवला की सूरही चढतो. सहा टक्क्यांना जवळजवळ पेटीची एक पट्टी. म्हणजे सव्वातीन टक्क्यांत काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोनकडे निघते आणि अर्ध्या वाटेतच लोंबकळत राहते. सीडीच्या यंत्रात वेग वाढवूनही सूर जागच्या जागी धरून ठेवायची सोय असते. उजवीकडे एक गुण.

मग वजन. जाड तबकडी १८० ग्रॅमची. अशा पन्नास म्हणजे नऊ किलो, पाकिटं वेगळी. सीडी पंधराएक ग्रॅमची. पन्नास सीड्या म्हणजे पाऊण किलो, मंडईतून गवार आणावी तसं. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावरून नऊ किलोंची पेटी घेऊन एकदा चढून दाखवा, म्हणजे तबकडीच्या ‘उबदार’ आवाजाविषयी आपण सावकाश बोलू. उजवीकडे दोन गुण.

घसारा मात्र डावीकडे झुकला. जुनं सीडीचं यंत्र लॅमिंग्टन रोडवर विकायला नेलं तर दुकानदार त्याच्याकडे न बघताच मान हलवतो. उलट चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या तबकड्या विकणारा गिऱ्हाइकाने कुठल्या तबकडीकडे दोनदा पाहिलं, यावर भाव ठरवतो.

आणि कानाचं काय? सीडीचं यंत्र ठोक्यांचा आकडा पडद्यावर दाखवतं, म्हणून डीजे आकडा बघतो. तबकडी काही दाखवत नाही, म्हणून त्याला ऐकावं लागतं. बघायचंच असेल तर तबकडीवरच्या खाचा बघायच्या. उजेडात तिरकी धरली की जोरकस भाग आणि शांत भाग वेगळे चमकतात. गाणं कुठे दम खाणार ते डोळ्यांना कळतं. भाषेचा पुरावाही डावीकडेच. कोणी तेच तेच बोलू लागला की आपण ‘पिन अडकली’ म्हणतो, ‘तीच रेकॉर्ड नको लावूस’ म्हणतो. सीडीला मराठीने एक वाक्प्रचार दिलेला नाही. कारण असं, की चरा पडला तर तबकडी एक उडी मारून पुढे जाते, लंगडत का होईना, गाणं पुरं करते. सीडी टकटक करत जागीच उभी राहते. तबकडी म्हातारी होते, सीडी मरते.

गुण समसमान झाले आणि भाच्याने आपला हुकमाचा पत्ता काढला. “मामा, या संगीताची एक मोठी तबकडी आपल्या मुंबईतच निघाली होती, ठाऊक आहे?” मला ठाऊक नव्हतं. चरणजितसिंग नावाचे वादक होते, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे. त्यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले आणि एचएमव्हीने त्यांची तबकडी काढली. भैरव, यमन, मालकंस, सगळे त्या यंत्राच्या ठोक्यावर. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. पुढे पाचेक वर्षांनी शिकागोत त्यातल्याच एका यंत्रातून ‘अ‍ॅसिड हाउस’ निघालं आणि जगभर पोरं नाचली. २०१० मध्ये ती तबकडी परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. चरणजितसिंग २०१५ साली गेले. निदान हे बघून गेले.

१९८२ म्हटल्यावर मी वहीतून डोकं वर काढलं. त्याच वर्षी जपानमध्ये पहिल्या सीड्या दुकानात आल्या. आणि त्याच वर्षी, १८ जानेवारीला, आमच्या लालबाग-परळात गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या चाळीतले तात्या त्यांतलेच. दत्ता सामंतांच्या सभेला रोज जायचे. वर्ष उलटलं तरी गिरणीचा भोंगा काही त्यांच्यासाठी वाजला नाही, तेव्हा त्यांनी दुसऱ्या भोंग्याचा धंदा सुरू केला. एक अँप्लिफायर, दोन कर्णे, एक रेकॉर्ड प्लेअर आणि लोखंडी ट्रंकभर तबकड्या. बारसं, सत्यनारायण, गणपती. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. मागतील ती तबकडी काढून देणं हे माझं काम. पगार, रोज एक लिमलेटची गोळी.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ साली कूल हर्क नावाच्या तरुणाने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून नाचायचा तेवढा तुकडा लांबवला आणि नवी कला सुरू झाली. तात्यांकडे यंत्र एकच. त्यामुळे दोन गाण्यांच्या मधली फट ते तोंडाने भरत. “हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री. निळ्या चड्डीतला मुलगा रडतोय, ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा.” पोरं नाचायला लागली की मंडपाच्या फळ्या हलायच्या आणि पिन उडायची. त्यावर तात्यांचा उपाय म्हणजे प्लेअरखाली चौपदरी गोधडी आणि पिनेच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं. त्या वजनाने खाचा लवकर झिजतात, पण पिन उडत नाही. पुढे २०११ च्या ३० जूनला सरकारने चार आणे चलनातून काढून टाकले. आमच्या काउंटरवर त्या नाण्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नाही. मला मात्र ते पिनेवर दिसत होतं.

आता चाळ पाडून टॉवर होणार. खोल्या रिकाम्या करताना तात्यांच्या काकूंनी ती ट्रंक माझ्याकडे दिली. “चोरबाजारात विक नाहीतर ठेव, मला तिथे जागा नाही.” भाच्याने ती उघडली आणि तबकड्या बाजूला ठेवून पाकिटंच वाचत बसला. परदेशातले डीजे पाकिटावर चिठ्ठी लावतात, त्यावर ठोक्यांचा आकडा असतो. तात्यांनी पेन्सिलीने माणसं लिहिली होती. ‘आरतीआधी.’ ‘बायका दमल्या असतील तर नको.’ ‘पावसाने लोक निघाले की लगेच.’ ‘ही लावली की पहिल्या मजल्यावरचे भाऊ नाचतात.’

चाळीच्या शेवटच्या गणपतीत भाच्याला परीक्षेसाठी अर्धा तास मिळाला, नऊ ते साडेनऊ. मित्राकडून त्याने दोन्ही प्रकारची यंत्रं मागून आणली होती. आधी तबकड्या. भोंग्यांतला खर्ज फळ्यांतून फिरून पिनेत शिरला आणि मंडपात घूंऽऽ असा एकच आवाज भरून राहिला. गोधडी घातली, घूं गेलं. मग पोरं उड्या मारू लागली आणि पिन पोरांपेक्षा उंच. चार आणे माझ्याकडे नव्हते. रुपया ठेवून बघायला मित्राने ठाम नकार दिला, पिन त्याची होती. मग सीड्या. काही अडकलं नाही, काही उडालं नाही, ठोक्यात ठोका असा बसला की बँकेचा ताळेबंद बसावा. पण भाच्याची मान खाली, डोळे आकड्यांवर. त्याने मान वर केली तेव्हा मंडपात मी, मित्र आणि गणपती एवढेच उरलो होतो. आम्हा तिघांनाही जाता येत नव्हतं.

मग त्याने ते केलं, जे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. ट्रंकेतली दहा-बारा गाणी त्याने आदल्या रात्री गंमत म्हणून सीडीवर उतरवली होती. तात्यांची पाकिटं त्याने टेबलावर पसरली, एकदा पाकिटांकडे बघितलं, एकदा गॅलऱ्यांकडे, आणि एका कोळीगीताखाली हळूच आपला इलेक्ट्रॉनिक ठोका सरकवला. पहिल्या मजल्यावरचे भाऊ आता ऐंशीच्या घरात आहेत. ते नाचले नाहीत, पण कठड्यावर बोटं वाजवू लागले. त्यांच्या नातसुना खाली उतरल्या. काकू खुर्ची पुढे ओढून बसल्या.

तेव्हा समीक्षकाचा निकाल असा. कान तयार करायचा तर तबकडी. मुंबईत, फळ्यांवर, लोकलने जाऊन कमवायचं तर सीडी. तिथे मी हात आखडता घेतला नाही आणि दोन यंत्रांचे पैसे दिले. आवाजातला फरक मला विचाराल तर चाळीच्या मंडपात तो ऐकू येत नाही. मंडप रिकामा झालेला मात्र लगेच दिसतो. आणि बारा इंची पाकिटावर जेवढा माणूस मावतो, तेवढा सीडीच्या डबीवर मावत नाही. म्हणून ट्रंक विकायची नाही.

सव्वानऊच्या सुमाराला भाचा एक पाकीट हातात धरून थांबला. त्यावर लिहिलं होतं, ‘तळमजल्यावर म्हातारी आजारी. आवाज ४.’

“मामा, ही म्हातारी कोण?”

“अरे, ती गेली. १९८९ साली.”

त्याने तळमजल्याच्या खोल्यांकडे पाहिलं. दोन खिडक्यांत अजून दिवे होते.

“दुसरी कोणी असेल,” तो म्हणाला आणि आवाज कमी केला.

ताई शेजारीच उभी होती. तिला मी हळूच म्हटलं, “बघ, म्हटलं नव्हतं? ट्रक नाही.”