एव्होरा : बनावट शिलालेख आणि महाकाव्याचे सत्य

पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतातील एव्होरा या प्राचीन नगरीचा विचार प्रायः दोन स्वतंत्र अंगांनी केला जातो. इतिहासकार तिच्यातील रोमन, अरब आणि ख्रिस्ती थर वेगळे करतो. साहित्याभ्यासक काव्य-कादंबऱ्यांतील तिच्या प्रतिमा वेचतो. या विभागणीत एक मूलभूत प्रश्न निसटतो : रचलेला भूतकाळच जेव्हा नगराच्या इतिहासाला वळण देतो, तेव्हा त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावयाचे?

या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आंद्रे द रेझेंद हा सोळाव्या शतकातील एव्होराचा मानवतावादी पंडित आहे. रोमन सत्तेविरुद्ध बंड करणारा सर्टोरिअस हा सेनानी इ. स. पू. पहिल्या शतकात एव्होरात राहिला आणि नगराचा मूळ जलसेतू त्यानेच बांधला, असे प्रतिपादन रेझेंदने केले. तिसऱ्या जुआंव राजाच्या आज्ञेने फ्रांसिश्कु द आर्रुदा या स्थपतीने उभारलेल्या जलसेतूतून १५३७ मध्ये नगरात पाणी आले. या नव्या बांधकामाला प्राचीनाच्या पुनरुज्जीवनाची प्रतिष्ठा लाभली, ती या प्रतिपादनामुळे. परंतु सर्टोरिअसचा एव्होराशी संबंध सिद्ध करणारा विश्वसनीय पुरावा नाही. रेझेंदने पुढे केलेले अनेक लॅटिन शिलालेख बनावट असल्याचे एमिल ह्यूबनर या जर्मन पंडिताने १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इबेरियातील लेखांच्या संग्रहात दाखविले.

तोवर ही कथा महाकाव्यात स्थिरावली होती. कामोंइशच्या १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'उश लुझीअदश'च्या तिसऱ्या सर्गात एव्होराचा उल्लेख येतो, तो सर्टोरिअसचे प्राचीन ठाणे म्हणूनच. आणि लगेच राजाच्या कमानींवरून येणाऱ्या रुपेरी पाण्याचे वर्णन येते. पुराणपुरुष आणि समकालीन वास्तू एकाच कडव्यात शेजारी बसतात. महाकाव्याच्या शीर्षकातील शब्दही रेझेंदनेच आपल्या लॅटिन काव्यात आधी योजलेला होता, ही बाब येथे अर्थपूर्ण ठरते.

या संदर्भात दोन सोपी उत्तरे संभवतात. प्रत्यक्षार्थवादी दृष्टी हे सारे असत्य म्हणून बाजूला सारील. 'काव्यगत सत्या'चा कैवारी ते सारेच क्षम्य मानील. दोन्ही भूमिका साहित्यप्रकारांचे संकेत दुर्लक्षितात. महाकाव्य वाचकाकडून पुराव्याची मान्यता मागत नाही. शिलालेखाचे सारे अस्तित्वच त्या मान्यतेवर उभे असते. म्हणून विधान तेच राहूनही कामोंइशच्या कडव्यात ते कल्पनेचा भाग होते, तर रेझेंदच्या लेखात ती वंचना ठरते. असत्य आशयात नव्हे, तर प्रकाराने वाचकाला दिलेल्या हमीत आहे.

नगरीतील रोमन मंदिर या भेदाची दुसरी बाजू दाखविते. डायाना देवतेचे म्हणून ओळखले जाणारे हे मंदिर बहुधा सम्राटपूजेसाठी बांधलेले होते; मध्ययुगापासून १८३६ पर्यंत तेथे खाटिकखाना होता. 'डायानाचे मंदिर' हे नाव चुकीचे असले तरी बनावट शिलालेखासारखा तो पुरावा नव्हे. लोकव्यवहाराने ते सांभाळले आहे. चूक, कल्पना आणि बनावट यांची सरमिसळ न करणे ही एव्होराच्या वाचनाची पहिली अट आहे. ती पाळली, तर रेझेंदचा अपराध क्षम्य न मानताही त्याच्या कथेचे ऐतिहासिक कार्य ओळखता येते : शिलालेख खोटे ठरले, परंतु त्यांच्या छायेत आलेले पाणी खरे होते.