पानिपतची सात कारणे : इतिहासाच्या उत्तरपत्रिकेतील लेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

पदवी स्तरावर इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकांची बैठक असो वा चर्चासत्र, एक तक्रार हमखास ऐकावयास मिळते : विद्यार्थी लिहीत नाहीत. लिहिले तर मार्गदर्शिकेतील उतारे जसेच्या तसे उतरवितात. ही तक्रार खोटी नाही. मात्र तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे विद्यार्थ्यांना लेखनाची आवडच उरलेली नाही हा, तपासून पाहण्याजोगा आहे. विद्यार्थी ज्या लेखनाला नाखूश असतात ते लेखन बऱ्याच अंशी आपणच घडविलेले आहे, आणि लिहिणाऱ्याने स्वतः करावे असे त्यात फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही, अशी प्रस्तुत लेखिकेची धारणा आहे.

विवेचनासाठी येथे एकच प्रश्न घेतला आहे : ‘पानिपतच्या तिसऱ्या युद्धातील मराठ्यांच्या पराभवाची कारणे सांगा.’ हा विषय महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला परका नाही. ‘पानिपत होणे’ हा शब्दप्रयोग त्याच्या घरात वापरला जातो. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ पासून वाचली जात आहे आणि २०१९ साली आलेला हिंदी चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो. वर्गात पानिपतचा विषय निघाला की शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही हिरिरीने बोलू लागतो. तोच विद्यार्थी कागद समोर येताच थांबतो. बोलणे आणि लिहिणे यांच्यामध्ये असे काय घडते?

तयार उत्तराची रचना

मार्गदर्शिकांतील उत्तराचा साचा ठरलेला आहे. अन्नधान्याची टंचाई, बाजारबुणग्यांचा भार, राजपूत व जाट यांचे साहाय्य न मिळणे, सदाशिवरावभाऊंचा हट्टी स्वभाव, सरदारांतील मतभेद, अब्दालीचे सेनापतित्व आणि विश्वासरावांच्या मृत्यूनंतर उडालेला गोंधळ. प्रत्येक कारणाला एक उपशीर्षक व त्याखाली तीन-चार ओळी. यातील कोणताही मुद्दा अगदीच निराधार आहे असे नाही. दोष आहे तो मांडणीत. सातही कारणे एकाच वजनाची ठरतात. तिसरे कारण पाचव्याच्या जागी ठेवले तरी उत्तराला काही होत नाही. ज्या लेखनातील परिच्छेदांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही, त्या लेखनात युक्तिवाद नसतो, हे निःशंकपणे म्हणता येईल.

अशा उत्तरांतील वाक्ये बारकाईने पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत उभयान्वयी अव्यये जवळजवळ नसतात. ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘असे असताना’, ‘उलट’ हे शब्द शोधावे लागतात. कर्ताही नाहीसा झालेला असतो. ‘रसद तुटली’ असे वाक्य येते. ती कोणी तोडली, कोठे, केव्हा, याचा पत्ता नसतो. अलीकडे मोबाइलवर क्षणार्धात मिळणारे यंत्रनिर्मित उत्तरही याच साच्यातून बाहेर पडते. त्यामुळे नक्कल कोठून केली याचा शोध घेण्यात प्राध्यापकांनी शक्ती खर्च करावी असे मला वाटत नाही. नकलेवर भागेल असा प्रश्न विचारणारे आपणच आहोत.

घटनांची साखळी

द्वितीय वर्षाच्या वर्गात एक साधा स्वाध्याय देऊन पाहिला. फळ्यावर १७६० मधील पाच घटना लिहिल्या. ऑगस्टमध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली. सूरजमल जाट त्यांची साथ सोडून गेला. ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेकडील कुंजपुरा जिंकले. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले. या पाच घटना आणि १४ जानेवारी १७६१ चे युद्ध एकाच परिच्छेदात जोडावयाचे होते. ‘कारण’ हे नाम वापरावयाचे नाही आणि एक जोडशब्द दुसऱ्यांदा आणावयाचा नाही, एवढ्याच अटी होत्या.

पहिल्या प्रयत्नात बहुतेकांनी ‘नंतर’ या एका शब्दावर निभावून नेले. दुसऱ्या तासाला तोही शब्द काढून घेतला, तेव्हा वर्गात खऱ्या अर्थाने इतिहासाची चर्चा सुरू झाली. कुंजपुऱ्याला विजय मिळाला, धान्य हाती आले. असे असताना तोच विजय मराठ्यांना महागात का पडला? ते उत्तरेकडे गुंतलेले असताना अब्दाली नदी उतरून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला, हे विद्यार्थ्यांनी नकाशावर बोट ठेवून शोधले. परतीची वाट शत्रूच्या हाती गेली, म्हणून पानिपतला छावणी करून राहणे भाग पडले. साहजिकच गोविंदपंतांच्या हालचालींवर मोठी मदार राहिली. त्यांच्या मृत्यूने तोही आधार गेला आणि छावणीत उपासमार वाढत गेली. याचाच अर्थ, मार्गदर्शिकेत पहिल्या क्रमांकाला बसलेली ‘अन्नधान्याची टंचाई’ ही साखळीची शेवटची कडी होती. हे मी सांगितले नव्हते. योग्य अव्यय शोधताना ते विद्यार्थ्यांच्या हाती लागले. एका विद्यार्थिनीने विचारले, अब्दाली नदी उतरत होता त्याच दिवसांत भाऊंना त्याची खबर का लागली नाही? या प्रश्नाला मार्गदर्शिकेत जागा नाही.

या वर्गात दुष्काळी तालुक्यातील एक विद्यार्थी होता. वर्षभरात त्याने एकही स्वाध्याय वेळेवर दिला नव्हता. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच्या घरची जनावरे चारा छावणीत होती आणि तोही तेथे राहिलेला होता. त्याने दीड पान लिहिले, तेही सगळे घोड्यांविषयी. माणूस अर्ध्या भाकरीवर महिना काढील, जनावर काढीत नाही. उपाशी घोड्यावरचा स्वार हा पायदळापेक्षाही वाईट. मग ज्या फौजेचे बळ घोडदळात, तिची छावणी अडीच महिने एका जागी बसली तेव्हाच लढाईचा निम्मा निकाल लागला होता, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. लेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. ‘गेले’, ‘मेले’ ऐवजी सर्वत्र ‘गेलं’, ‘मेलं’ होते. परंतु त्यात कर्ता होता, क्रियापद होते आणि ‘तेव्हाच’ हा शब्द नेमक्या ठिकाणी होता.

अशा कागदावर लाल शाईने काय लिहावे, यावर सहकाऱ्यांत मतभेद झाले. स्वतःचा अनुभव म्हणजे इतिहास नव्हे, हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. चारा छावणीवरून १७६० ची लष्करी छावणी सिद्ध होत नाही. परंतु अनुभवातून प्रश्न सुचतो, आणि तो प्रश्न घेऊन साधनांकडे जाता येते. महात्मा फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा तिचे वय चौदाच्या आसपास होते. आपल्या समाजाने पेशवाईत काय सोसले, हे तिने त्यात मांडले. शाळकरी मुलीचा तो निबंध आज आपण इतिहासाचे साधन म्हणून वाचतो. विसंगती अशी की, परीक्षेत त्यावरही आपण टीपच लिहावयास सांगतो, आणि विद्यार्थी त्याचे महत्त्व चार मुद्द्यांत उतरवून मोकळा होतो.

त्या विद्यार्थ्याच्या कागदावर शेवटी समासात एकच प्रश्न लिहिला : हे कशावरून? त्याच्या शोधात त्याला काशीराजाच्या वृत्तांताचा उतारा आणि ‘भाऊसाहेबांची बखर’ अशी दोन साधने दिली. काशीराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे त्याने युद्ध अब्दालीच्या बाजूच्या छावणीतून पाहिले. बखर मराठ्यांच्या बाजूची. कोण कोठे उभे राहून पाहत होता, हे कळल्यावर ‘भाऊंचा हट्टी स्वभाव’ हे कारण कोणाच्या लेखणीतून आले, असा प्रश्न आपोआप निर्माण झाला. भाऊंवरील रूढ आक्षेपांची त्र्यं. शं. शेजवलकर यांनी केलेली फेरतपासणी वर्गात सांगण्यास हीच वेळ योग्य होती. प्रमाणभाषेची दुरुस्ती दुसऱ्या खर्ड्यात केली. ती टाळावी असे मी म्हणत नाही. ती आधी केली असती तर दुसरा खर्डा आलाच नसता.

मर्यादा

शंभरावर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे करणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. दीडशे शब्दांचा स्वाध्याय, सत्रात दोनदा, आणि प्रत्येक कागदावर एकच प्रश्न, याहून अधिक मला झेपले नाही. सगळे विद्यार्थी बदलले असेही नाही. ‘हे परीक्षेला येणार आहे का?’ असे अनेकांनी विचारले आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. घोड्यांविषयी लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्यानेही विद्यापीठाच्या परीक्षेत सात कारणेच लिहिली. का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “मॅडम, तिथं तपासणारे तुम्ही नसणार.”

त्याचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न एका वर्गापुरता राहत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याच्या निर्णयाविरुद्ध २०२३ साली पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तो निर्णय २०२५ पर्यंत पुढे ढकलण्यात आला. तयारीस वेळ हवा, ही त्यांची मागणी रास्तच होती. परंतु पदवीची तीन वर्षे लेखी परीक्षा देऊन आलेल्या तरुणांना लिहिण्याची वेगळी तयारी करावी लागते, याचा जाब त्यांना विचारता येणार नाही. प्रश्नपत्रिका आपण काढतो, उत्तरपत्रिका आपण तपासतो आणि अभ्यासमंडळांवरही आपलेच सहकारी असतात. ‘पराभवाची कारणे सांगा’ याऐवजी ‘कुंजपुरा जिंकूनही मराठे अडचणीत का आले, ते घटनाक्रमाच्या आधारे स्पष्ट करा’ असा प्रश्न विचारण्यास अभ्यासक्रमातील एकही ओळ बदलावी लागत नाही. येत्या सत्राच्या अंतर्गत परीक्षेत आमच्या विभागाने पंधरा गुणांपैकी पाच गुणांसाठी असा एक प्रश्न ठेवण्याचे ठरविले आहे. त्यात मुद्द्यांना क्रमांक दिल्यास गुण मिळणार नाहीत, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापली जाईल.