परीकथा मंडपात संपते

अमेरिकन कवी रॉबर्ट ब्लाय यांचा ‘आयर्न जॉन’ हा ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला आणि तेथील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत वर्षभराहून अधिक काळ टिकून राहिला. १९९७ साली टेरेन्स रिअल या कुटुंबोपचारतज्ज्ञाचे ‘आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट’ आले. दोहोंचा विषय एकच: मन मोकळे न करणारा पुरुष. पहिल्या पुस्तकाभोवती पुरुषांचे गट उभे राहिले, दुसऱ्याने पुरुषाला पत्नीसह समुपदेशकापुढे बसविले. ही दोन पुस्तके आम्ही लागोपाठ वाचली आणि ती एकमेकांशी वाद घालीत आहेत असे आम्हांला जाणवले. (रिअल यांच्या ग्रंथनामाचे मराठी करायचे झाल्यास शब्दशः भाषांतर निरुपयोगी आहे. आपल्याकडील नवरा अशा वेळी एवढेच म्हणतो, ‘काही नाही.’)

ब्लाय यांनी ग्रिमबंधूंच्या संग्रहातील एक परीकथा आधाराला घेतली आहे. तळ्याच्या तळाशी सापडलेला केसाळ रानमाणूस राजवाड्याच्या अंगणात पिंजऱ्यात कोंडला जातो. राजपुत्राचा सोन्याचा चेंडू घरंगळत त्या पिंजऱ्यात जातो. चेंडू परत हवा तर दार उघडले पाहिजे, आणि किल्ली असते आईच्या उशीखाली. ही किल्ली मागून मिळत नाही, चोरावीच लागते, या मुद्द्यावर ब्लाय यांचा विशेष भर. औद्योगिक समाजाने बापाला घरातून उचलून नेले, मुलाला बापाचे काम दिसेनासे झाले, म्हणून वडीलधाऱ्या पुरुषांनी त्याला पुन्हा पुरुषांत घ्यावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या विचाराने प्रेरित झालेले पुरुष रानात शिबिरे भरवीत, ढोल बडवीत आणि रडत. त्या ढोलांची टिंगल पुष्कळ झाली. आम्हांला तीत सामील व्हावेसे वाटत नाही. पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणारा, बोटीवर किंवा आखातात वर्षे काढणारा बाप आमच्या वाचकांना परका नाही. त्याची मुले त्याला कशाने ओळखत? त्याच्या पेटीने, पत्रांनी आणि मनिऑर्डरने. त्या पोकळीला ब्लाय यांनी नाव दिले, हे त्यांचे श्रेय.

मात्र त्यांच्या ग्रंथाची मर्यादा आधारकथेतच दडलेली आहे. परीकथा लग्नमंडपात संपते. स्त्री-पुरुषांच्या सहजीवनातील अवघड भाग त्यानंतर सुरू होतो, आणि तेथे ही कथा मुकी आहे. याच कथेत माळ्याच्या हाताखाली राबणाऱ्या पोराच्या टोपीखाली सोनेरी केस आहेत, हे प्रथम कोणाला कळते? राजकन्येला. तिच्या दालनात त्या केसांची झळाळी पोहोचते आणि ती त्याची टोपी ओढून काढते. ज्या पुरुषवर्तुळात स्त्रीला प्रवेश नाही, तेथे ही टोपी काढणार कोण?

रिअल यांचा ग्रंथ नेमका येथून सुरू होतो असे म्हणता येईल. पुरुषाचे नैराश्य बहुधा नैराश्यासारखे दिसत नाही. ते दारूत, अतिकामात, संतापात किंवा अबोल्यात दडून बसते, आणि त्याची झळ प्रथम पत्नीला लागते, हे त्यांचे मुख्य निरीक्षण. आपल्या हिंसक वडिलांविषयी त्यांनी जे लिहिले आहे तो या पुस्तकातील सर्वांत कसदार भाग. तेथे उपचारतज्ज्ञ मागे सरतो आणि मुलगा लिहू लागतो.

त्यांची पद्धतही पठडी मोडणारी आहे. कुटुंबोपचाराच्या जुन्या शास्त्रात कुटुंब म्हणजे एक यंत्र. बिघाडास सर्व भाग सारखेच जबाबदार आणि समुपदेशक तटस्थ. रेचेल हेअर-मस्टिन यांनी १९७८ मध्ये आणि व्हर्जिनिया गोल्डनर यांनी १९८५ मध्ये या भूमिकेवर स्त्रीवादी आक्षेप घेतला: दोन पारडी मुळातच असमान असतील तर तटस्थता जड पारड्याच्याच कामी येते. रिअल हा आक्षेप प्रत्यक्ष खोलीत उतरवितात. ते बाजू घेतात, आणि ‘तुमचे हे वागणे संसार मोडीत आहे’ अशा आशयाचे पत्नीदेखत पतीला सुनावतात. जॉन गॉटमन व सहकाऱ्यांनी १३० नवविवाहित जोडप्यांचा मागोवा घेऊन १९९८ मध्ये मांडलेला निष्कर्षही याला पूरक आहे. पत्नीचे म्हणणे स्वतःवर परिणाम करू देणाऱ्या पतींचे संसार अधिक टिकले.

हे वाचताना आम्हांला ‘मॅरेज एन्काउंटर’ची आठवण होणे अपरिहार्य होते. स्पेनमध्ये फादर गाब्रिएल काल्व्हो यांनी १९६२ च्या सुमारास सुरू केलेल्या या उपक्रमात पती-पत्नी दहा मिनिटे लिहितात, वह्यांची अदलाबदल करतात आणि दहा मिनिटे बोलतात. अबोल पुरुषाच्या हाती लेखणी देण्याची ही कल्पना साधी आणि प्रभावी आहे, यात शंका नाही. परंतु दोन्ही वह्यांची किंमत सारखी असते काय? पतीने मन मोकळे केले तर त्याचे कौतुक होते. पत्नीने खरे लिहिले तर त्याचा हिशेब पुढे घरी चुकता करावा लागेल का, हे तिलाच ठाऊक. आपल्या धर्मग्रामांत ‘सांभाळून घे गं बाई’ हा सल्ला आजवर कोणाला मिळत आला, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

असे असूनही रिअल यांच्या लेखनावर आमचा एक आक्षेप आहे, आणि तो लहान नाही. त्यांच्या प्रसंगकथांत पुरुष ज्या बळाने हलतो ते बळ पत्नीच्या निर्वाणीच्या शब्दाचे असते: बदल, नाही तर मी निघाले. समुपदेशक त्या शब्दाची तरफ करतो आणि दगड हलतो. पण जिच्या नावावर घर नाही, माहेरी ज्येष्ठ भावजयीचे राज्य आहे आणि हातात पगार नाही, तिच्या ‘मी निघाले’ला वजन कोठून यावे? या कथांतील पत्नी बहुतेकदा निघू शकणारी आहे. पद्धतीचा अर्धा भार या न बोललेल्या गृहीतावर उभा आहे. शिवाय पुरुष रडला, मुलाला जवळ घेतले, की प्रकरण मिटते. ती त्या रात्री काय म्हणाली, तिचा राग कोठे गेला, हे वाचकाला क्वचितच कळते. येथे रिअलही परीकथेच्याच वाटेने जातात.

मारहाण असेल तेथे प्रश्न अधिक कठोर होतो. नील जेकबसन व गॉटमन यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात मारझोड करणाऱ्या पतीसाठी दाम्पत्य-समुपदेशन हा योग्य उपाय मानलेला नाही. आपल्याकडील २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे १४ वे कलम दंडाधिकाऱ्याला दोघांचे समुपदेशन स्वतंत्रपणे किंवा एकत्र करविण्याची मुभा देते. त्यातील ‘किंवा’ कसा वापरला जातो, यावर एखाद्या स्त्रीची सुरक्षितता अवलंबून असते.

अशा प्रसंगी पुरुषांच्या स्वतंत्र गटाची गरज पुन्हा पुढे येते, परंतु ढोलांच्या नव्हे. मुंबईत १९९३ साली स्थापन झालेल्या ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ या संस्थेने, म्हणजे ‘मावा’ने, पुरुषांनी पुरुषांशी हिंसेविषयी बोलण्याचे काम हाती घेतले आणि ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंकही काढला. ब्लाय यांच्या वर्तुळाप्रमाणे येथेही पुरुषच पुरुषांशी बोलतात, पण बोलण्याचा विषय हरवलेला बाप एवढाच नसून घरातील स्त्रीही असते. रिअल यांच्या खोलीतील पत्नीचे उरलेले म्हणणे मात्र अद्याप तिच्याच वहीत आहे, आणि आम्हांला आता ती वही वाचायची आहे.