भिंगाची गोडी आणि यंत्राचे भाषांतर

जपानी कॅमेरा-भिंगांची वर्णने भाषांतरकाराची कसोटी पाहणारी असतात. १९२६ साली निघालेले व २०२० साली बंद पडलेले ‘असाही कॅमेरा’ यांसारख्या मासिकांतून तेथील रसिक भिंगांचे गुणदोष वाचीत आले. ही वर्णने आता यंत्राच्या साहाय्याने कोणासही वाचता येतात. त्या वाचनातून हाती काय येते, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रथम यंत्राचे श्रेय यंत्रास दिले पाहिजे. ‘शिबोरी’ या जपानी शब्दाचा अर्थ पिळणे; बांधणीच्या रंगीत वस्त्रासही तोच शब्द आहे, आणि भिंगाच्या लहानमोठ्या होणाऱ्या छिद्रासही तोच. पूर्वी असल्या शब्दांवर यंत्र अडखळे. २०१६ साली ‘गूगल’ने जपानी-इंग्रजी भाषांतराची नवी पद्धती स्वीकारली, तेव्हापासून वाक्ये पुष्कळच सफाईदार झाली. मापे, वजने, काचांची संख्या यांपुरते यंत्रावर विसंबण्यास हरकत नाही.

अडचण पुढेच आहे. समईच्या ज्योतीवर भिंग स्थिर केले म्हणजे मागील दिव्यांची जी धूसर वर्तुळे उमटतात, त्या धूसरतेस जपानीत ‘बोके’ म्हणतात. १९९७ साली ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकन मासिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी हा शब्दच इंग्रजी वाचकांत रुजविला. परंतु जपानी रसिक ‘बोके-अजि’ असेही म्हणतो. ‘अजि’ म्हणजे चव. रूप, शब्द, गंध, रस, स्पर्श या विषयांतील ‘रस’ चिनी बौद्ध भाषांतरकारांनी ज्या अक्षराने दाखविला, तेच हे अक्षर. मराठीत त्यास ‘गोडी’ हा शब्द सहज सुचतो. इंग्रजीच्या वाटेने येणाऱ्या वाचकाच्या पदरी मात्र नुसती धूसरता पडते.

‘सुनाओ’ हे विशेषण घ्या. मुलाविषयी ते वापरतात, तसेच भिंगाविषयीही. यंत्र ‘प्रामाणिक’ किंवा ‘आज्ञाधारक’ म्हणून मोकळे होते; आपल्याकडे ‘सरळ वळणाचे’ हा प्रयोग त्यासाठी तयारच आहे. ‘कुसे’ याहून अवघड. त्यास ‘खोड’ म्हणावे की ‘लकब’? पहिल्याने भिंग दूषित ठरते, दुसऱ्याने प्रिय होते. लेखकाचा कल संबंध परिच्छेदात शोधल्यावाचून हा निर्णय होत नाही. आणि महिन्याची कमाई खर्चून भिंग घेणाऱ्यास हवा असतो तो हाच निर्णय.

मनुष्य भाषांतरकार निर्दोष असतो, असे आमचे म्हणणे नाही. विक्रेत्याचा पगार घेणारा प्रत्येक खोडीची लकब करून ठेवील. परंतु त्यास जाब विचारता येतो. यंत्राचे सफाईदार वाक्य संशयच येऊ देत नाही, हे त्याचे खरे वैगुण्य होय. म्हणून असे भाषांतर छापताना ते कोणी केले, हे संपादकांनी स्पष्ट नमूद करावे. मापांचे कोष्टक यंत्राने खुशाल करावे. गोडीचा निवाडा मात्र ज्याने ती चाखली आहे, त्याच्याकडेच असावा.