ठिकाण कळले, काम कळले का?

(आंजर्ले येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, जानेवारी २०२२ मध्ये तुमच्याच किनाऱ्यावरून ‘सावनी’ नावाची ऑलिव्ह रिडले कासवीण पाठीवर ट्रान्समीटर घेऊन समुद्रात गेली. ती श्वासासाठी वर आली की उपग्रहामार्फत नकाशावर ठिपका उमटायचा. ती कुठे आहे हे त्यावरून कळायचे. तिथे ती काय करते आहे, याचा मात्र अंदाजच बांधावा लागायचा. कासवाला विचारता येत नाही, तेव्हा ते ठीकच. पण डॉक्टरला विचारता येते ना? तरी आपण त्याचाही ठिपका करायला निघालो आहोत, एवढाच आमचा आजचा आक्षेप आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १ मे २०२५ पासून वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांसाठी मोबाइलवर चेहरा दाखवून, जीपीएससह हजेरी आणली. यामागचे कारण खोटे नाही. कागदावर प्राध्यापक आणि वॉर्डात कोणी नाही, हा रोग जुना आहे. तो बरा व्हायलाच हवा. पण औषध कोणत्या रोगावर दिले, हे आपण पाहायला नको का?

आमच्या न्यायशास्त्रात एक धडा आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान चालते. जिथे अग्नी तिथे धूर, हे चालत नाही, कारण तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. या मधल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात. आता बघा, ‘आवारात आहे म्हणजे काम करतो आहे’, हे अनुमान त्याच जातीचे. आणि हजेरीच्या बाबतीत उलट बाजूही लंगडी पडते. रात्री दोन वाजता घरून फोनवर औषधाचा डोस सांगणारा सर्जन आवारात नसतो; पण काम तर करतोच! त्याचा ठिपका म्हणतो, साहेब घरी आहेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत अध्यापकांना ७५ टक्के हजेरीची अट आहे. म्हणजे यंत्राला विचारलेला प्रश्न एकच, कमी तर भरत नाही ना? जास्त किती झाले, हे कोण विचारतो? निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारने जून १९९२ मध्येच निर्देश काढले होते: सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नको, आठवड्याला साधारण ४८ तास. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. ४८ वरून ७४! शिफारशीतच इतके तास धरावे लागतात, यातच वॉर्डातली परिस्थिती काय असेल ते समजा. मार्डच्या आंदोलनांतही कामाच्या तासांचा विषय वारंवार येतो.

ठिकाणाची नोंद मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. तैवानमध्ये संशोधकांनी डॉक्टरांच्या मोबाइलमधल्या जीपीएसवरून त्यांचे जादा तास मोजण्याचा प्रयत्न केला. तिथे सप्टेंबर २०१९ पासून निवासी डॉक्टर कामगार कायद्याखाली आले आहेत. म्हणजे मोजलेल्या तासाला कायद्यात कुठेतरी जागा आहे. तंत्र तेच, पण प्रश्न डॉक्टरच्या थकव्याचा. अर्थात तिथेही ड्यूटीरूममध्ये पडलेली झोप आणि वॉर्डातली धावपळ, दोन्हींचा ठिपका सारखाच दिसणार.

मग करायचे काय? आम्हाला तीन गोष्टी दिसतात. ज्या नोंदीवरून गैरहजेरी धरता, त्याच नोंदीवरून जादा तास धरा आणि पुढची सुट्टी द्या. फोनवरचे काम केस पेपरवर वेळेसह लिहिले जाऊ द्या आणि ते ड्यूटीत मोजा. आणि ड्यूटी संपल्यावर डॉक्टर कुठे जातो, हे यंत्राला कळू देऊ नका. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले आहे, तो हक्क पांढऱ्या कोटाबरोबर खुंटीला टांगायचा नसतो.

यात तुमचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. इथून रात्री-अपरात्री पेशंट दापोलीला न्या, की पुढे मोठ्या रुग्णालयात, समोर येणारा तरुण डॉक्टर कितव्या तासाला उभा आहे, हे तुम्हाला कळायला हवे. तो हजर आहे, एवढे यंत्र आज सांगते. तो शुद्धीवर, ताजातवाना हजर आहे का, हा प्रश्न नागरिक म्हणून आपण विचारायचा आहे.