तऱ्हाळ्याचा हत्ती : नाण्यांवरील पशुचिन्हांच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाका ओलांडला की मराठवाडा संपून वऱ्हाड लागते. याच वऱ्हाडात, मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे, १९३९ मध्ये सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा निधी सापडला व म. म. वा. वि. मिराशी यांनी तो प्रकाशात आणला. या नाण्यांच्या एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व प्राकृत राजनाम, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह आहे. हा हत्ती पाहताच ऐरावत, गजलक्ष्मी किंवा मायादेवीचे स्वप्न आठवणे स्वाभाविक होय. परंतु आठवण म्हणजे प्रमाण नव्हे.

रोमन नाण्यांशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. लांडगीखाली दोन बालके असली की रोम्युलस व रीमस यांची कथा चित्रातच सिद्ध होते. ऑगस्टसच्या नाण्यावरील मगरीचा अर्थ ‘ईजिप्त जिंकले’ हा लेखच सांगतो. याउलट इ. स. पू. ४९ च्या सुमारास सीझरने पाडलेल्या नाण्यावर सर्पसदृश आकृती तुडविणारा हत्ती आणि केवळ ‘सीझर’ हे नाव आहे. मूर लोकांच्या भाषेतील हत्तीवाचक शब्दावरून ते नाव आले, अशी व्युत्पत्ती पुढे सांगितली गेली. परंतु ती शतकांनंतरची असल्याने तिच्या आधारे नाण्याचा अर्थ ठरविता येत नाही.

‘सातवाहन’ शब्दाचीही हीच गत आहे. त्याचा संबंध काहींनी सूर्याच्या सात अश्वांशी, तर काहींनी मुंडा भाषांतील अश्ववाचक शब्दाशी जोडला. नावात घोडा शोधावा, तर तऱ्हाळ्याच्या नाण्यांवर हत्ती उभा!

म्हणून चिन्हाचा अर्थ प्रथम त्याच्या वितरणावरून ठरविला पाहिजे. सातवाहनांच्या इतर नाण्यांवर सिंह, बैल, घोडा व जहाजही आढळते. तऱ्हाळ्याच्या निधीत मात्र राजे बदलतात, हत्ती बदलत नाही. तेव्हा तो एखाद्या राजाच्या उपासनेचा निदर्शक नसून या नाणेमालिकेची परंपरागत खूण असावा, हे अनुमान अधिक सयुक्तिक ठरते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. पुराणांच्या वंशावळींत नसलेले कुंभ व कर्ण सातकर्णी यांसारखे राजे याच निधीमुळे ज्ञात झाले. ज्यांच्याविषयी एवढेच साधन उपलब्ध आहे, त्यांना हत्तीवरून बौद्ध वा वैदिक ठरविणे म्हणजे मौन बाळगणाऱ्या साक्षीदाराच्या तोंडी आपलेच शब्द घालणे होय.